रद्दीचं वाण

आमच्या गल्लीत माणसाला एकदा टोपणनाव पडलं की ते माणसाबरोबर जळत नाही. तेराव्याला सगळ्यांच्या आधी पाटावर येऊन बसतं आणि पुढं नातवाला चिकटतं. एका गृहस्थानं ऐन तरुणपणी, एकदाच, लग्नाच्या पंगतीतली जिलबी सदऱ्याच्या खिशात घातली होती. त्याचा पणतू आज परदेशात मोठ्या हुद्द्यावर आहे. तिथं त्याला साहेब म्हणतात. इथं तो ‘जिलबीवाल्यांचा’. म्हणून माझ्या सुनेच्या अंगची हळद उतरायच्या आत गल्लीनं तिला ‘रद्दीवाली’ म्हणायला सुरुवात केली, तेव्हा मी पदर खोचला.

मी पदर खोचते म्हणजे काय, ते बाहेरच्यांना कळायचं नाही. मी दारात नुसती खाकरले तरी रंकाळ्यावरची बदकं उडतात. हे मी नाही सांगत, लोक सांगतात. सांगत नसतील तर सांगायला पाहिजे.

सून शिरोळकडची. शिकलेली, गाड्यांच्या एका शोरूममध्ये हिशेब सांभाळते, बोलायला मऊ. लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर एक पत्र्याची ट्रंक आली. ती टेम्पोतून उतरवायला चार गडी लागले आणि त्यातल्या एकाची पाठ अजून दुखते. एवढी जड म्हणजे आत सोनंच, असं गल्लीनं जागच्या जागी ठरवून टाकलं. मीही मनातल्या मनात हातात पाटल्या घालून बघितल्या, खोटं कशाला बोलू? ट्रंक उघडली तर आत कागद. साडीच्या खोक्यातला पातळ कुरकुरीत कागद, उदबत्तीच्या पुड्यांची वेष्टणं, एसटीची तिकिटं, शिंप्याकडचे मापाचे कागद, कॅलेंडरची पानं, आणि कुस्तीच्या मैदानाची अर्धी फाटलेली पोस्टरं. त्यात पैलवानांच्या नुसत्या मिशा आणि मांड्या उरलेल्या.

मी म्हटलं, “पोरी, माहेरनं रद्दी आणलीस व्हय?”

“रद्दी न्हाई आई, जंक जर्नलचं सामान हाय.”

“म्हंजे?”

तिनं जरा विचार केला. “म्हंजे... रद्दीच.”

तिथंच मला पोरगी पसंत पडली. सासूसमोर उभं राहून खरं बोलणारी सून मी तोवर बघितली नव्हती. मी स्वतः सून होते तेव्हा तर अजिबातच नाही.

मग तिनं मला समजावून सांगितलं. जंक जर्नल म्हणजे असल्याच सटरफटर कागदांची जाडजूड वही; तिला पानोपानी खिसे, चिठ्ठ्या, झालरी. आणि त्या खिशांत सारायला ही पोरगी बारक्या बारक्या वह्या करायची. काडेपेटीएवढ्या, फार तर तळहाताएवढ्या. कागद दुमडायचे, एकात एक घालायचे, मधोमध दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्यानं शिवायचं, वर जाड कागदाचं कव्हर, त्याला एखादी लेस, एखादं बटण. बस्स. काय लिहायचं त्यात? काही नाही. नुसती उघडायची आणि मिटायची. मला पहिल्यांदा हसू आलं. मग तिनं एक वही माझ्या हातावर ठेवली. त्या वहीचा खिसा पाकिटाच्या कोपऱ्याचा होता, आणि खिशात वाळलेलं बकुळीचं फूल. मी ती वही त्या दिवशी इतक्यांदा उघडली की दोरा सैल झाला.

कागदाचा एवढा जीव का, तेही तिनं एकदा चहा उकळता उकळता सांगितलं. महापुरात त्यांच्या घरात पाणी शिरलं, माळ्यापर्यंत. ओसरल्यावर तिनं आणि तिच्या आईनं शाळेच्या बाकांवर एकेक कागद पसरून वाळवला. दाखले, फोटो, आजोबांची पत्रं, दुकानाच्या पावत्या. “भिजलेला कागद वाया जात न्हाई आई,” ती म्हणाली. “वाळला की जरा कडक हुतो, एवढंच.” एवढं बोलली आणि तिनं त्या उकळत्या चहात स्वयंपाकघरातला एक कोरा कागद बुडवला, जुना दिसावा म्हणून. मी म्हटलं, दूध घातलं नव्हतंस ना? नव्हतं.

चहात बुडवलेले कागद ती गच्चीवर दोरीला चिमटे लावून वाळत घालायची. शेजारीण कठड्यावरून ओरडली, “वैनी, नोटा धुतल्या काय?” मी म्हटलं, “व्हय की, सासऱ्यांच्या काळातल्या हायत, वास मारत हुत्या.” दुसऱ्या दिवशी आमच्या दारात बचत गटाच्या बायका येऊन गेल्या, एक विमावाला येऊन गेला, आणि पेठ वडगावहून नवऱ्याचा एक मामेभाऊ आला ज्याला आम्ही सगळे गेलेला समजत होतो.

इथवर सगळं हसण्यावारी होतं. मग आक्का आल्या.

आक्का म्हणजे माझ्या नवऱ्याच्या चुलत थोरल्या भावाची बायको. भावकीतली सगळ्यात मोठी सून, आमच्या समोरच्याच दारात राहणारी. बारशाला आक्कांनी ‘गोड हाय पोरगं’ म्हटल्याशिवाय आमच्यात पोर गोड धरत नाहीत. आक्का आल्या तेव्हा सूनबाई बाहेरच्या सोप्यावर बसून जुन्या लग्नपत्रिकेवरचा गणपती कात्रीनं कापत होती.

“अगं बाई! देवाला कात्री लावलीस?”

पोरीनं कात्री खाली ठेवली. मी आतून पीठ लावलेल्या हातानं बाहेर आले. “लावली की आक्का. कडंकडंनं काढलाय, सोंडंला धक्का न्हाई. तुमी काय करताय ते सांगू?”

सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. आमच्याकडं लग्नपत्रिका टाकता येत नाही. वर गणपती असतो. जाळली तर पाप, फाडली तर पाप, कचऱ्यात घातली तर महापाप. म्हणून घरोघरी खिळ्याला एक पिशवी लोंबत असते, तिच्यात पंचक्रोशीतले गणपती दाटीवाटीनं कोंबलेले असतात, आणि पिशवी फाटायला आली की घरातला कुणीतरी ती पुलावरून पंचगंगेत सोडतो आणि वर हात जोडतो. मी म्हटलं, “तुमी देवाला पिशवीत कोंबून पुलावरनं ढकलताय, ती भक्ती व्हय? हितं बगा कसा बसलाय वहीवर, मखरात बसल्यागत.”

“तू गप,” आक्का म्हणाल्या. “तुझं तोंड म्हंजे ऊसतोडीचा कोयता. सून आणलीस का रद्दीवाली आणलीस?”

झालं. पडलं नाव. सकाळी आक्का बोलल्या, दुपारी दूधवाला ‘रद्दीवाल्या वैनी हायत का’ म्हणून विचारत आला, आणि संध्याकाळी मुरगूडहून माझ्या बहिणीचा फोन आला, “व्हय गं, तुझ्या सुनंला रद्दीवाली का म्हणत्यात?” वारा सुद्धा इतक्या लवकर मुरगूडला पोचत नाही.

रात्रीचं जेवण झाल्यावर सुनेनं सगळे कागद ट्रंकेत भरले, वह्या एका पिशवीत घातल्या आणि म्हणाली, “आई, उद्या रद्दीवाल्याला बोलवू या. उगंच घराला नाव नको.”

माझं डोकं असं तापलं की त्यावर भाकरी फुगली असती. “ह्या घरातनं कागदाचा कपटा जायचा न्हाई,” मी म्हटलं. “गेला तर माझ्यासकट जाईल, आणि मला तोलायला त्येच्याकडं काटा न्हाई. संक्रांत येऊ दे. तुझं पहिलं हळदीकुंकू हाय. वाण म्हणून हीच रद्दी लुटायची.”

“आई, लोक हसतील.”

“हसू देत. दात बगू कुणाकुणाला हायत ते.”

ज्यांना वाण म्हणजे काय माहीत आहे त्यांना कळेल मी केवढी उडी मारली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्रत्येक सवाष्णीच्या हातात काहीतरी ठेवायचं. कुणी स्टीलची वाटी देतं, कुणी चहाची गाळणी, कुणी प्लॅस्टिकचा डबा. या डब्यांचा संसार वेगळाच असतो. मी दिलेला एक गुलाबी डबा अख्खा जिल्हा फिरून, दोनदा कर्नाटकात जाऊन, माझ्याच घरी परत आला; झाकण तेवढं दुसरंच होतं. आणि त्यात नव्या नवरीचं पहिलं हळदीकुंकू म्हणजे परीक्षाच. काळी साडी, अंगावर हलव्याचे दागिने, आणि तिच्यासमोरून अख्खी गल्ली जाणार. त्यात आक्कांनी वाण न घेता पाठ फिरवली, की त्यांच्या मागोमाग निम्म्या बायका उठणार. मग ही पोरगी आयुष्यभर रद्दीवाली, तिची पोरं रद्दीवाल्यांची, आणि मला जिलबीवाल्यांच्या पंगतीत जाऊन बसायचं.

एवढ्या बायकांना पुरतील इतक्या वह्या करायच्या तर जाड, देखणा कागद पाहिजे. मला आमचा माळा आठवला. माळ्यावर माझ्या मुलाच्या लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे होते, दोरीसुद्धा न सोडलेले. सोनेरी छपाई, गुलाबी कागद, आत झुळझुळीत पान. ते तसेच का पडले होते, तेही सांगते.

आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे मुलामुलीची नावं नव्हेत. ती दोन नावं कुठंतरी मध्ये असतात, शोधली तर सापडतात. बाकी सगळी भावकी. निमंत्रक, व्यवस्थापक, कार्यवाहक, स्वागतोत्सुक, आणि खाली ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणारी अजून बोलताही न येणारी पोरं. कोण कुणाच्या वर, यावरून दोन पिढ्या बोलत नाहीत. म्हणून छापायच्या आधी कच्ची प्रत अख्ख्या भावकीत फिरवायची पद्धत. फिरली. प्रत्येक बाप्यानं चष्मा लावला, बोट फिरवलं, आपलं नाव बघितलं, आणि ‘बरोबर हाय’ म्हणून पुढं दिली. आपलं सोडून दुसऱ्याचं नाव बघायचं असतं हे कुणाला सुचलंच नाही. आक्कांचे मालक, म्हणजे आमचे थोरले दादा, त्या दिवशी ऊस घालवायला शेतात होते. पत्रिका छापून आली आणि सगळ्यात वर पाहिजे ते दादांचंच नाव कुठंच नाही! हलकल्लोळ झाला. रातोरात दुसऱ्या छापल्या, दादांचं नाव ठळक, देवाच्या खालोखाल. आणि पहिल्या गेल्या माळ्यावर. वर गणपती, टाकणार कुठं?

तर ते गठ्ठे मी स्वतः खाली काढले. दादांचं नाव त्यात नाही हे मी विसरले असं मी म्हणणार नाही. मी काही विसरत नाही. मला ते आठवलं नाही, एवढंच.

आमचा सोपा म्हणजे कारखाना झाला. सून कापायची, दुमडायची, शिवायची. मी मैद्याची खळ शिजवली, अशी की तिनं चिकटवलेलं वेगळं करायला कोर्टात जावं लागलं असतं. जुन्या परकरांच्या लेसा उसवल्या, कुर्त्यांची बटणं काढली; मुलगा एके दिवशी छाती उघडी टाकून कामाला गेला. चिकटवलेल्या वह्या दाबायला वजन पाहिजे म्हणून वह्यांवर पाट ठेवला आणि पाटावर नवऱ्याला बसवलं. तो पेपर वाचत बसून राहायचा. संसारात इतका उपयोगी तो आधी कधी पडला नव्हता. आतल्या पानांना सूनबाईनं पत्रिकेतल्या नावांच्या पट्ट्या लावल्या, तिरक्या, उभ्या, आडव्या, नक्षी म्हणून. मला म्हणाली, “अक्षरं किती छान दिसत्यात न्हाई?” मी म्हटलं, लई.

हळदीकुंकवाला अख्खी गल्ली लोटली. रद्दी बघायला आलेल्या, तिळगुळासाठी कोण आलं होतं! सूनबाई काळ्या साडीत, हलव्याचा हार घालून, हातात वाणाचं ताट घेऊन उभी. वह्या गुलाबी, सोनेरी, प्रत्येकीवर एकेक गणपती. पहिलीनं घेतली, उघडली. दुसरीनं घेतली. “अगं, खिसा हाय ह्येला!” एक म्हणाली. “आणि खिशात तिळगूळ!” हसायला आलेल्या बायका हात पुढं करायला लागल्या. माझी छाती एवढी फुगली की मागच्या बाईला काही दिसेना.

मग आक्का पुढं आल्या. वही घेतली, उलटीपालटी केली. एक पान उघडलं. पट्टीवर बोट ठेवलं. दुसरं पान. तिसरं.

“ही ती पैली पत्रिका न्हवं?”

मला तेव्हा आठवलं.

“ह्यांचं नाव नसलेली,” आक्का म्हणाल्या. आवाज मोठा नव्हता. मोठा असता तर मी मोठ्यानं उत्तर दिलं असतं. त्यांनी वही ताटात परत ठेवली. “आमची आठवण ठेवलीसा, बरं वाटलं. येतो आम्ही.” आणि पदर सावरून वळल्या. त्यांच्यामागं तीन-चार बायका चपला शोधायला लागल्या.

माफी मागावी असं मला क्षणभर वाटलं. ते मी गिळलं. माफी मागितली असती तर वही खोटी पडली असती, आणि वहीत खोटं काही नव्हतं.

“थांबा आक्का!” मी ओरडले. आदल्याच दिवशी बसवलेला नवा पंखा माझ्या आवाजानं बंद पडला. “जायचं तर जावा, पण आदी बाकीच्यांच्या वह्या बगून जावा. गं बायांनो, उघडा आपापल्या वह्या. आपापल्या मालकाचं नाव शोधा.”

बायकांनी पानं चाळली. आणि गोंधळ उसळला.

“माझ्या ह्येंचं मुंडकंच न्हाई, नुसतं ‘राव’ हाय!”

“आमचं आडनाव हिच्या वहीत गेलंय!”

“अगं ए, माझ्या मामंजींच्या नावामधनं सुई गेलीया!”

आणि मग एकीनं किंकाळी फोडली. नक्षी लावताना कुणा दिवंगत सासऱ्यांच्या नावाआधीचं ‘कै.’ सुटून तिच्या चालत्याबोलत्या नवऱ्याच्या नावाआधी येऊन चिकटलं होतं. नवरा बाहेर गाडी लावून उभा होता, तिनं खिडकीतून हाक मारून खात्री करून घेतली. सूनबाईनं ताट खाली ठेवलं, कमरेला खोचलेली कात्री काढली, कचकन ‘कै.’ कापून टाकलं आणि वही परत दिली. “घ्या काकू. वाचवलं त्यांस्नी.”

पहिल्यांदा कुणीतरी हसलं. मी आक्कांकडं वळले.

“बगितलंसा? त्या पत्रिकेत ज्येची ज्येची नावं हुती, सगळ्यांची खांडोळी झाली. कुणाचं डोस्कं गेलं, कुणाचा पाय गेला, एक तर जित्ता असून कैलासवासी झाला. अख्ख्या भावकीत कात्रीतनं सुटला असा एकच मर्द. आमचे दादा. त्येंच्या नावाला हात लावायची कुणाची छाती न्हाई झाली. आणि तुमी रुसून चाललाय?”

सोप्यात टाचणी पडली तर ऐकू आली असती; पडलीही, माझ्याच हातातून. आक्का माझ्याकडं बघत राहिल्या. त्या काही भोळ्या नाहीत. मी काय केलं ते त्यांना पुरतं कळलं होतं.

“लई शाणी हायस,” त्या म्हणाल्या. मग सूनबाईकडं बघून, “पण माझ्या वहीत त्यांचं नाव पायजे. आख्खं. लाव.”

मी म्हणणार होते, लावते, आत्ता लावते. पण ती मऊ बोलणारी पोरगी माझ्या आधी बोलली.

“न्हाई आक्का. छापलेलं लावायचं तर कापायला लागतंय. ह्या वहीत कोरं पान हाय, शेवटचं. तुमी हातानं लिवा.” आणि तिनं पेन पुढं केलं.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेत नाहीत, आणि आक्का तर उखाण्यातही कधी सापडल्या नव्हत्या. त्या खाली बसल्या. वही मांडीवर घेतली. गल्ली वाकून बघत होती. काडेपेटीएवढं पान, त्यावर आक्कांनी एकेक अक्षर मांडलं, रांगोळीचे ठिपके द्यावेत तसं. आणि मान वर न करता म्हणाल्या,

“पत्रिकेला लागली कात्री, दोऱ्यानं झाली वही...”

पुढं दादांचं नाव होतं, ते मी इथं सांगणार नाही, ते त्यांचं आहे. शेवट तेवढा सांगते.

“...रावांचं नाव लिवलं, हीच माझी सही.”

बायकांनी असा कल्ला केला की बाहेरचा तो नुकताच वाचलेला नवरा पळत आत आला. मग प्रत्येकीला पेन पाहिजे होतं. मुंडकी गेलेल्यांची मुंडकी परत आली, आडनावं आपापल्या घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आक्का समोरच्या दारातून ओरडल्या. हातात खिळ्याची पिशवी, गणपतींनी तट्ट फुगलेली. “ए पोरी! घेऊन जा ही. आणि सोंड सांभाळ.” ‘रद्दीवाली’ म्हणाल्या नाहीत. त्या पिशवीच्या मागोमाग पिशव्याच पिशव्या आल्या. आता आमच्या माळ्यावर इतके गणपती आहेत की घरात विघ्न यायचं म्हटलं तर त्याला चिठ्ठी टाकून वेळ घ्यावी लागेल.

टोपणनावाचं मात्र असं असतं, एकदा पडलं की कुणालातरी लागतंच, हवेत विरत नाही. गल्लीनं ते सुनेवरून काढलं आणि मला लावलं. परवाच दूधवाल्यानं हाक मारली, “रद्दीवाल्या मावशी, दूध!” मी बाहेर येऊन त्याच्याकडं नुसतं बघितलं. मग पातेलं पुढं केलं.

राहू दे. माझ्या हाताला खळ असतेच, चिकटलं तर चिकटलं.